कँटलूप, खरबूज आणि तो मेसेज: सहा दावे, सगळे कच्चे

होळी आटोपते, हातगाड्यांवर खरबुजांचे ढीग लागतात आणि त्याच सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर तो मेसेज पुन्हा उगवतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर साधारण असा असतो:

"जाळीवालं खरबूज म्हणजे कँटलूप, ते अमेरिकन हायब्रिड. गुळगुळीत सालीचं ते आपलं गावरान. दोन्ही कलिंगडाच्याच वेलाच्या जाती, म्हणून शेजारी लावल्या की संकर होऊन फळ फिकं निघतं. आतला गर्द केशरी रंग इंजेक्शनचा असतो. कच्चं निघालं तर दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवा, साखर उतरते. साल जाड असते आणि खायची नसते, त्यामुळे धुवायची गरज नाही. आणि कुठलंही घ्या, सगळं पाणीच, गुण एकच."

दोन-तीन वाक्यांत अर्धसत्य आहे, म्हणूनच मेसेज टिकून आहे. एकेक दावा घेऊ.

पहिला दावा: जाळीवालं ते कँटलूप आणि परदेशी, गुळगुळीत ते गावरान

कँटलूप हे नाव इटलीतलं. रोमजवळच्या कांतालुपो या ठिकाणी पोपच्या मळ्यात हे फळ वाढवलं जाई आणि त्याचं बियाणं आर्मेनियाकडून आलं होतं, असं परंपरेने सांगतात. गंमत म्हणजे ज्या फळाला हे नाव पहिल्यांदा मिळालं, त्याच्या सालीवर जाळी नव्हतीच. टणक साल, तिच्यावर खोल धारा आणि कुठेकुठे पुटकुळ्या, असं ते फळ. फ्रान्सचं शारांते आजही त्याच घराण्यातलं आहे. किलोभर वजनाचं, राखाडी-हिरव्या सालीचं, देठापासून टोकापर्यंत गडद रेघा ओढून फाकी आधीच आखून दिल्यासारखं, आणि आत गर्द केशरी. पुढे अमेरिकेत जाळीच्या खरबुजालाच कँटलूप म्हणायची सवय पडली आणि तिथून ती सगळीकडे गेली. ऑस्ट्रेलियात त्याच फळाला रॉकमेलन म्हणतात. शास्त्रीय वर्गीकरणात ही सगळी कुकुमिस मेलो या एकाच प्रजातीतली. युरोपीय कँटलूपचा गट कँटलूपेन्सिस, जाळीवाल्यांचा रेटिक्युलेटस. अनेक अभ्यासक आता हे दोन्ही गट एकत्रच धरतात, कारण जाळी सोडली तर दोघांचं वागणं सारखं आहे.

आता जाळी. फळ भराभर फुगत असतं, पण सालीचा बाहेरचा पातळ थर तितका ताणला जात नाही. त्याला बारीक भेगा पडतात. त्या भेगांतून पाणी उडून जाऊ नये म्हणून वेल तिथे बुचासारख्या पेशींचा थर भरते. गुडघा खरचटल्यावर खपली धरते, तसाच हा प्रकार. ज्या जातींत भेगा लवकर आणि सर्वभर पडतात त्यांच्यावर दाट जाळी उठते, ज्यांची साल ताण सहन करते त्या गुळगुळीत राहतात. जाळीचा देशी-विदेशीपणाशी काही संबंध नाही, गराच्या रंगाशीही नाही. १९७३ मध्ये इस्राएलमध्ये आलेलं गालिया हे बाहेरून जाळीदार आणि आतून हिरवं. त्याची साल बघून आत केशरी गर असेल असं धरून बसलेला माणूस हमखास चकतो.

उलट, हातगाडीवर ज्या लख्ख पिवळ्या, गुळगुळीत फळाला लोक गावरान समजून हात घालतात, ते बरेचदा इनोडोरस गटातलं असतं. हनीड्यू, कॅनरी, स्पेनचं पिएल दे सापो, तुर्कस्तानचं कसाबा ही या गटातली मंडळी. गटाच्या नावाचाच अर्थ 'वास नसलेलं'. म्हणजे मेसेजने नेमकं उलटं सांगितलं आहे.

मग आपलं म्हणजे कोणतं? कुकुमिस मेलो या प्रजातीत भारतात जेवढे नमुने आढळतात तेवढे फार थोड्या देशांत सापडतील. कोकण-गोव्याचं चिबूड याच प्रजातीतलं. ते पावसाळ्यात वाढतं, भाद्रपदात पिकतं, पिकलं की आपोआप तडकतं, आणि त्याचा पिठूळ गर नारळाचा रस, गूळ आणि पोहे घालून खातात. गोव्यात गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायची जी माटोळी असते, तिलाही ते टांगलेलं असतं. उत्तरेत उन्हाळ्यात विकली जाणारी लांब, पातळ सालीची ककडी हीसुद्धा खरबुजाचीच बहीण, आपल्या कोशिंबिरीतली काकडी मात्र वेगळी प्रजाती. बांधावरचं शेंदाडही याच कुळातलं. वरून गोंडस आणि हात लागताच भसकन फुटणारं, म्हणून तर 'शेंदाड शिपाई'. पंजाबात हरा मधु ही फिकट पिवळ्या सालीची, हिरव्या पट्ट्यांची आणि हिरव्या गराची जात आहे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का जीत पांढऱ्या गराची. नावांचा घोळ तर विचारूच नका. विदर्भात नदीच्या पात्रात डांगरवाड्या लागतात त्या खरबुजा-टरबुजांच्या, आणि मराठवाड्यात डांगर म्हटलं की समोर लाल भोपळा येतो.

'अमेरिकन हायब्रिड' या शब्दाला तर इतिहासच उत्तर देतो. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल व्हॅलीत खरबुजावर भुरी हा बुरशीचा रोग इतका पसरला की मळेच्या मळे बसले. भुरीला दाद न देणारं वाण शोधताना तिथल्या शास्त्रज्ञांच्या हाती लागलं ते भारतातून गेलेलं खरबुजाचं बियाणं. त्याच्याशी संकर करून १९३६ मध्ये पीएमआर ४५ ही जात बाहेर पडली आणि पुढे कित्येक वर्षं अमेरिकेतलं जाळीदार खरबूज तिच्यावरच उभं होतं. चाक उलटंही फिरलं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा शरबती ही उत्तर प्रदेशातली कुटाना आणि अमेरिकन पीएमआर ६ यांच्या संकरातून आली. त्यांच्या जाळीत आपलं रक्त, आपल्या जाळीत त्यांचं. एवढं झाल्यावर देशी-विदेशी ओळखायला साल कशी उपयोगी पडणार?

खरा फरक सालीवर दिसत नाही, तो पिकण्याच्या पद्धतीत आहे. घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला दोघांनाही कामाची गोष्ट हीच. कँटलूप आणि जाळीचं खरबूज पिकताना स्वतः भरपूर इथिलीन वायू सोडतात. त्या वायूने घमघमाट सुटतो, गर मऊ होतो, आणि देठ जिथे फळाला जुळतो तिथे पेशींचा एक कमकुवत थर तयार होतो. त्या थरापासून देठ अलगद निखळतो. हनीड्यू, कॅनरी या गटात इथिलीन अगदी थोडा किंवा फार उशिरा सुटतो. वास नाही, देठ सुटत नाही, फळ सुरीने किंवा कात्रीने कापूनच घ्यावं लागतं. त्याच्या बदल्यात टिकाऊपणा मिळतो.

हे हातात घेऊन पाहा. जाळीच्या खरबुजाच्या देठाकडे गोल, गुळगुळीत, कोरडी खळी दिसली, जणू कुणी बटण काढून घेतलं आहे, तर फळ वेलीवरच पिकलं. खळीच्या कडेने बारीक तडा गेलेला असेल आणि देठाचा तुकडा जरा हलवताच निघत असेल, तर तेही चालतं, एका-दोन दिवसांत खायला होईल. पण देठाचा हिरवा, तिरका कापलेला तुकडा घट्ट चिकटलेला असेल, तर माल लांबच्या बाजारासाठी घाईने तोडला आहे. हाच कापलेला देठ हनीड्यूवर दिसला तर तो दोष नाही, तिथे तो असायलाच हवा.

दुसरा दावा: कलिंगडाच्याच वेलाच्या जाती, शेजारी लावल्या की फिक्या होतात

कलिंगड हे सिट्रुलस लॅनॅटस, खरबूज कुकुमिस मेलो. प्रजाती तर सोडाच, दोघांचा वंशही वेगळा. कलिंगडाच्या पेशीत २२ गुणसूत्रं, खरबुजाच्या २४, काकडीच्या १४. मळ्यात वेली कितीही गुंतल्या तरी कलिंगडाच्या परागाने खरबुजात बी धरत नाही. काकडीच्या परागानेही नाही. एवढं पाठ करायचं नसेल तर फळ कापा. खरबुजाच्या बिया मधल्या पोकळीत, ओल्या धाग्यांना लटकलेल्या. कलिंगडात पोकळीच नाही, बिया गरातच रुतलेल्या. पानंही वेगळी, कलिंगडाचं खोल कातरलेलं, खरबुजाचं गोलसर.

अर्धसत्य कुठे आहे? खरबूज आणि चिबूड, खरबूज आणि शेंदाड, खरबूज आणि उत्तरेची लांब ककडी यांचा संकर होतो, आणि तोही सहज, कारण ती एकच प्रजाती. तरी त्याचा परिणाम या वर्षीच्या गोडीवर होत नाही. आपण खातो तो गर मातृवेलीच्या ऊतींचा बनतो, पराग कुणाचाही असो. परकं रक्त फक्त बियांत उतरतं. त्या बिया पुढच्या वर्षी लावल्या तर मात्र अर्धवट चिबूड, अर्धवट खरबूज अशी खिचडी उगवते. घरचं बी धरायचं असेल तर दुसऱ्या कोणत्याही खरबूजवर्गीय पिकापासून अर्धा ते एक किलोमीटर अंतर ठेवा. ते जमत नसेल तर उद्या उमलणारी कळी संध्याकाळीच कागदी पिशवीने झाका, सकाळी त्याच वाणाच्या नर फुलाचा पराग हाताने लावा, आणि फळ धरेपर्यंत पिशवी काढू नका.

फळ फिकं निघतं त्याची कारणं मळ्यातच असतात, शेजाऱ्याच्या वेलीत नसतात. सगळ्यात मोठं कारण पानं. साखर पानांत तयार होते, आणि तोड्याआधीच्या दोन आठवड्यांत केवडा किंवा भुरी या बुरशीरोगांनी पानं करपली की फळ आकाराने भरतं पण गोड होत नाही. रंग, जाळी, वजन सगळं ठीक, चव मात्र पाणचट, असा माल बहुधा अशाच वेलींचा असतो. दुसरं कारण शेवटच्या आठवड्यातलं पाणी. व्यापारी वजनावर घेणार म्हणून ठिबक चालूच ठेवलं की गर पातळ होतो आणि फळं तडकतात. जमीन भारी असेल तर तोड्याच्या पाच-सात दिवस आधीपासून पाणी निम्म्यावर आणा. हलक्या जमिनीत पाणी एकदम बंद करू नका, नाहीतर वेल कोमेजून तीच गत होते. तिसरं कारण एका वेलीवर फार फळं. मोठ्या आकाराच्या हायब्रिडला दोन, फार तर तीन पुरेत. ढगाळ हवामान चौथं, त्याच्यावर इलाज नाही. आणि मधमाश्या. खरबुजाच्या वेलीवर नर फुलं आणि उभयलिंगी फुलं असतात, पण उभयलिंगी फुलाचा चिकट पराग वाऱ्याने हलत नाही. फुलोऱ्यात सकाळी औषध मारलं की माश्या फिरकत नाहीत, बी कमी धरतं, आणि फळ एका बाजूने बसकं, वाकडं होतं. फवारणी करायचीच तर संध्याकाळी करा, फुलं मिटल्यावर.

तिसरा दावा: केशरी रंग इंजेक्शनचा

हा दावा दरवर्षी कलिंगडावरून खरबुजावर उडी मारतो. केशरी गर हा बीटा कॅरोटीनचा रंग, गाजराचा असतो तोच. खरबुजात तो साठतो की नाही हे प्रामुख्याने एका जनुकावर अवलंबून आहे, आणि त्याचं केशरी रूप प्रभावी असतं. केशरी आणि हिरव्या गराच्या जातींचा संकर केला की पहिल्या पिढीतली फळं केशरीच निघतात. कलिंगडाचा लाल रंग वेगळा, तो लायकोपीनचा, टोमॅटोतलाच. पांढरं आणि हिरवं खरबूज नैसर्गिक, तसंच केशरीही. केशरी खोटं, हे मेसेजचं म्हणणं चूक.

इंजेक्शन दिलंच तर काय होईल? गर हा भरीव पेशींचा असतो, त्यात रंग सुईच्या वाटेभोवती ठिपक्यासारखा राहतो आणि खरबुजात तर मधल्या पोकळीत उतरून बियांना लागतो. वर सालीला भोक पडलं की एप्रिलच्या उन्हात दुसऱ्या दिवशी तिथून रस पाझरायला लागतो आणि तिसऱ्या दिवशी वास मारतो. विक्रेत्याने असा तोट्याचा धंदा का करावा?

शंका राहिलीच तर फोड आडवी धरून बघा. खऱ्या केशरी गरात रंग पोकळीकडे सर्वांत गडद असतो आणि सालीकडे जाताना फिकट होत शेवटी हिरवी किनार उरते. मग एक फोड पाण्याच्या पेल्यात टाका. बीटा कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, पाणी रसाने जरा गढूळ होईल इतकंच. मिठाईत घालतात तसला खाण्याचा रंग असेल तर तो काही मिनिटांत पाण्यात उतरेल.

चौथा दावा: तांदळाच्या डब्यात ठेवा, साखर उतरते

हा दावा सगळ्यात खर्चिक, कारण यावर विश्वास ठेवून माणूस कच्चं फळ विकत घेतो.

केळं कच्चं असतं तेव्हा त्यात पिष्ट भरलेलं असतं. पिकताना त्या पिष्टाची साखर होते, म्हणून घरात ठेवलेलं केळं खरंच गोड होतं. आंब्याचंही तसंच, म्हणून तर अढी. खरबुजाजवळ पिष्टाचा असा साठा नसतो. त्याची साखर पानांतून देठावाटे येते, आणि तीही मुख्यतः तोड्याच्या आधीच्या दहा-बारा दिवसांत. तोवर फळ आकाराने पूर्ण झालेलं असतं पण आतून काकडीच्या चवीचं. देठ तोडला की पुरवठा बंद. त्या क्षणी जेवढी साखर, तेवढीच कायम. तांदूळ, गवत, पेंढा, कपाट, कशातही घाला.

मग लोकांना गोड का लागतं? कारण दोन गोष्टी खरोखर बदलतात. बंद डब्यात इथिलीन कोंडून राहतो, त्यामुळे गर मऊ पडतो आणि सुगंध वाढतो. मऊ आणि वासाचं फळ जिभेला गोड वाटतं. हिंदीत म्हणतात, खरबुजाला पाहून खरबूज रंग बदलतं. पेटीत एक पिकलेलं फळ असलं की त्याच्या इथिलीनने शेजारची खरंच पिवळी पडतात. रंग बदलतो, साखर नाही. हनीड्यूला तर तांदळाच्या डब्याने फारसं काहीच होत नाही, कारण तो स्वतः पुरेसा वायूच सोडत नाही. परदेशात व्यापारी त्याला बंद खोलीत बाहेरून इथिलीन देतात, साधारण २४ तास, आणि तेही मऊ करण्यासाठीच. आपल्याकडे इथिलीन वायूने फळ पिकवायला मर्यादेत परवानगी आहे, कार्बाइडला बंदी आहे. पण खरबूज या दोन्हींनी गोड होणारच नाही, मग त्यात पैसे कोण घालेल?

साखर मोजायची तर रिफ्रॅक्टोमीटर. अमेरिकेच्या सरकारी प्रतवारीत कँटलूपच्या पहिल्या दर्जाला किमान ९ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं साधारण टक्केवारीतलं माप) लागतो, फॅन्सी दर्जाला ११. मोजताना एक चूक नेहमी होते. थेंब पोकळीजवळच्या गराचा घेतला तर आकडा फुगतो, सालीजवळचा घेतला तर पडतो. फळाच्या कमरेतून, पोकळीपासून सालीपर्यंतचा पूर्ण तुकडा काढा, पिळून रस एकत्र करा आणि मग थेंब ठेवा. काच दर वेळी स्वच्छ पाण्याने धुऊन पुसायची, नाहीतर आधीच्या फळाची साखर पुढच्याच्या नावावर लागते. जागेवर सौदा होताना यावरूनच वाद पेटतात.

गिऱ्हाइकाजवळ यंत्र नसतं, त्याने पुढचं बघावं. जाळीच्या खरबुजात जाळी उठून आलेली, बोटाला खरखरीत लागणारी हवी, आणि जाळीच्या आतली साल हिरवट नव्हे तर वाळलेल्या गवताच्या रंगाची. देठाकडची खळी वर सांगितली आहेच. देठाच्या विरुद्ध टोकाला, जिथे फूल होतं, नाक लावा. वास यायला हवा, पण आंबूस नको, आंबूस असेल तर आतला गाभा नासायला लागला आहे. हनीड्यूला वास शोधू नका. त्याची साल हिरवट-पांढरीवरून सायीच्या रंगाची झालेली, आणि हात फिरवल्यावर काचेसारखी न लागता किंचित मखमली लागणारी घ्या. कलिंगडाची परीक्षा पुन्हा वेगळी, जमिनीला टेकलेला डाग पांढरा नव्हे तर लोण्यासारखा पिवळा हवा. टिचकी मारून आवाज ऐकण्याचा सोहळा खरबुजावर करण्यात अर्थ नाही, आत पोकळीच असल्यामुळे ते पिकलेलं नसतानाही पोकळच वाजतं.

पाचवा दावा: साल खायची नाही, म्हणून धुवायची नाही

बाकीचे दावे खिशाला लागतात, हा पोटाला. सुरी सालीतून गरात जाते आणि सालीवरचं सगळं बरोबर घेऊन जाते. जाळीच्या खाचांत माती, शेणखताचे कण आणि जिवाणू अडकून बसतात. गुळगुळीत हनीड्यू पुसलं की निघतं, जाळी पुसून निघत नाही. त्यात खरबुजाचा गर जवळजवळ आम्लहीन, सामू साधारण ६.१ ते ६.६. लिंबू-संत्र्यात जिवाणूंना आम्ल आवरून धरतं, इथे ते नाही, त्यामुळे कापलेली फोड त्यांच्यासाठी मेजवानीच. २०११ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोच्या एका शेतातल्या कँटलूपमधून लिस्टेरिया नावाचा जिवाणू पसरला. १४७ जण आजारी पडले, ३३ दगावले. लिस्टेरियाचा त्रास असा की तो फ्रीजच्या थंडाव्यातही हळूहळू वाढतो.

धुण्याची पद्धत साधी. कापायच्या आधी, नळाच्या वाहत्या पाण्याखाली, भाजी घासायच्या स्वच्छ ब्रशने जाळीच्या खाचांतून घासा. देठाची खळी विसरू नका, तिथे सर्वांत जास्त घाण असते. साबण लावू नका, सच्छिद्र सालीत तो मुरतो. बादलीत बुडवून ठेवू नका, घाण पाणी देठाच्या खळीतून आत ओढलं जातं, विशेषतः फळ उन्हातलं तापलेलं आणि पाणी गार असेल तेव्हा. घासून झाल्यावर कोरडं पुसा आणि मग कापा. आणल्या आणल्या धुऊन ठेवण्यात फायदा नाही, ओल्या जाळीवर बुरशी धरते. कापलेल्या फोडी झाकून ५ अंशांच्या आत, आणि बाहेर दोन तासांहून जास्त राहिल्या असतील तर टाकून द्या. हातगाडीवर दुपारभर बर्फाच्या लादीवर मांडलेल्या फोडी हे हिशेबात धरा, लादीला टेकलेली बाजू गार असते, वरची नसते.

फ्रीजचा आणखी एक मुद्दा इथेच. पिकलेलं जाळीचं खरबूज २ ते ५ अंशांत चालतं. हनीड्यू तिथे ठेवलं तर काही दिवसांत सालीवर तपकिरी डाग पडतात, त्याला ७ ते १० अंश लागतात. अख्खं कलिंगड तर १० ते १५ अंशांतच बरं, त्याहून गारठ्यात त्याचा रंग आणि चव दोन्ही उतरतात. तिघांना एकाच कप्प्यात कोंबलं की कुणाचं तरी नुकसान होणारच.

सहावा दावा: सगळं पाणीच, गुण एकच

पाणी नव्वद टक्क्यांच्या आसपास, एवढं मान्य. साखर १०० ग्रॅमला खरबुजात आणि हनीड्यूत साधारण ८ ग्रॅम, कलिंगडात ६. उरलेल्यात मात्र फरक आहे, आणि तो रंगातच दिसतो. केशरी खरबुजाच्या १०० ग्रॅममध्ये बीटा कॅरोटीन सुमारे २००० मायक्रोग्रॅम, जातीप्रमाणे कमी-जास्त. हिरव्या गराच्या हनीड्यूत ते ३० च्या आसपास, म्हणजे जवळपास नाहीच. 'अ' जीवनसत्त्वासाठी फळ घेत असाल तर केशरी घ्या. कलिंगडात लायकोपीन भरपूर, त्याचं 'अ' जीवनसत्त्व होत नाही. मधुमेह असलेल्याने हिरवं घेतलं म्हणून साखर कमी पोटात जाईल असं नाही.

आणि फेकल्या जातात त्या बिया. चार मगजांत खरबुजाची बी असते ती हीच. गाभा चाळणीत घेऊन पाण्याखाली चोळा, धागे निघून गेले की बिया ताटात पसरून दोन दिवस सावलीत वाळवा, सोलून ठेवा, थंडाईला किंवा ग्रेव्हीला वापरा. पेरायला मात्र ठेवू नका. बाजारातलं फळ बहुधा हायब्रिडचं असतं, पुढच्या पिढीत दहा वेलींना दहा तऱ्हेची फळं लागतील, काहींवर जाळी असेल, काहींवर नसेल.